थर्ड डाउनला उठायचं असतं

सप्टेंबर २०२२. शनिवार, सकाळचे अकरा चाळीस. बारा वाजता अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामातला पहिला होम गेम सुरू होणार होता आणि मी मोठ्या उत्साहात आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आप्पा जेवून कट्ट्यावर निघायच्या बेतात होते. मी फोन गोल फिरवून त्यांना अख्खं स्टेडियम दाखवलं. हिरवंगार मैदान, बँडची पोरं, एका टोकाला दोन मजली घराएवढा स्क्रीन. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅच आजच हाय न्हवं? मग माणसं कुठं हाईत?"

माणसं पार्किंगमध्ये होती. गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, बर्गर भाजायचे, खुर्च्या मांडून बिअर प्यायची. याला टेलगेटिंग म्हणतात आणि बऱ्याच लोकांसाठी तोच खरा कार्यक्रम असतो. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

मी ओहायोत स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करायला आलो होतो आणि विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स विभागात, मार्केटिंगमध्ये, ग्रॅज्युएट असिस्टंट होतो. फी माफ आणि वर थोडा पगार. व्हिसाच्या नियमानुसार सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि त्यातले बारा-तेरा गेमच्या एका दिवसातच उडायचे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला सख्ख्यासारखं वागवलं आणि पुढं जे लिहिणार आहे ते सगळंच कौतुकाचं नाही. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे 'मॅक', ही आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांची साखळी; हिच्यातली सहा विद्यापीठं एकट्या ओहायोत आहेत, त्यातलं एक समजा. स्टेडियम पंचवीस हजारांच्या आसपासचं. माझं काम एका वाक्यात: ते भरलेलं दिसलं पाहिजे.

मला वाटलं होतं, गर्दी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी मंगळवार पेठेतला. कोल्हापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, की आमच्याकडं फुटबॉल, पायानं खेळायचा तो, म्हणजे पेठेचा मामला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस ही नावं तालमींची आणि मंडळांची, पण ती घराघराची आडनावं असल्यासारखी लागतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच असली की आप्पांचं दुकान दुपारीच बंद. ते ज्या पायरीवर बसतात तिथं दुसरं कुणी बसत नाही. आणि एखाद्या मॅचला आप्पा दिसले नाहीत, तर संध्याकाळी दारात माणूस येऊन विचारतो, "आप्पा बरं हाईत न्हवं?" असल्या वातावरणात वाढलेल्या पोराला रिकामा स्टँड भरायचं काम मिळालं होतं. नाद खुळा, म्हटलं मनात.

आमच्यापुढची पहिली अडचण तिथून दोन-अडीच तासांवर होती. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम आहे. ते १९२२ साली उघडलं आणि आज त्यात १,०२,७८० माणसं बसतात. आमच्याकडं शिकणारी निम्मी पोरं लहानपणापासून त्या लाल-करड्या रंगात वाढलेली. आमचा गेम शनिवारी, त्यांचाही शनिवारी. पोरं आमच्याच हॉस्टेलच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून दुसऱ्या विद्यापीठाचा गेम बघायची आणि खिडकीतून आमच्या बँडचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गंमत म्हणजे त्यांना आमचा गेम फुकट होता. फुकट तरी कसला, दर सत्राच्या फीमध्ये ॲथलेटिक्सचे पैसे कापलेलेच असतात. आमच्यासारख्या विद्यापीठांत फुटबॉलचा खर्च तिकिटांवर भागत नाही, त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या खिशातूनच येतो. मी एकदा पोस्टरसाठी ओळ सुचवली होती: 'पैसे तुम्ही आधीच भरलेत, निदान बघायला तरी या.' बॉस खूप हसली आणि म्हणाली, हे कुठंही लिहून ठेवू नकोस.

दुसरी अडचण आकड्यांची. जाहीर होणारी उपस्थिती म्हणजे बहुतेक ठिकाणी विकलेली आणि वाटलेली तिकिटं. गेटवर स्कॅन झालेली तिकिटं हा वेगळा आकडा, तो ऑफिसात राहतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये बऱ्याच विद्यापीठांकडून हे दुसरे आकडे काढून घेतले, तेव्हा २०१७ च्या हंगामात जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच तिकिटं गेटवर स्कॅन झाल्याचं निघालं. मोठमोठ्यांची ही कथा. आमच्यासारख्यांच्या डोक्यावर तर अटच होती: कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात राहायचं असेल तर दोन वर्षांतून एकदा तरी होम गेमची सरासरी १५,००० दिसली पाहिजे, प्रत्यक्ष आलेली किंवा विकलेली. त्या 'किंवा'मध्ये बरंच काही मावायचं. पुरस्कर्त्यांच्या गळ्यात गठ्ठ्यानं तिकिटं मारायची, ती शाळांमध्ये वाटायची, ती कुणाच्या तरी फ्रिजवर चुंबकाखाली राहायची. २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. माझ्या पहिल्या हंगामात मात्र ती होती आणि तिकिटं खपवण्यात आमचा निम्मा जीव जायचा.

त्या पहिल्या गेमला आम्ही 'पहिल्या एक हजार विद्यार्थ्यांना टी-शर्ट' अशी जाहिरात केली होती. अकरा वाजता गेटवर ही रांग! बॉस खूश, मी खूश. स्कॅनर बीप बीप करत होता, मी साइज विचारून शर्ट देत होतो. अर्ध्या तासात खोके रिकामे. वर चढून स्टुडंट सेक्शन बघितला तर जेमतेम दोनशे डोकी. बाकीची गेली कुठं? कुंपणाशी जाऊन बघितलं. आमचे नवेकोरे शर्ट घालून सगळी पोरं पार्किंगमध्ये परत बर्गर भाजत होती. एका गेटमधून आत, शर्ट, दुसऱ्या गेटमधून बाहेर. स्कॅनरच्या हिशेबात ती सगळी आतच होती.

पुढच्या वेळी शर्ट दुसऱ्या क्वार्टरमध्ये, सेक्शनच्या आत वाटले. थोडा फरक पडला. पण हाफटाइमला बँडचा कार्यक्रम संपला की जी गळती लागायची ती थांबेना. तिसऱ्या गेमला मी क्लिपबोर्ड घेऊन बाहेर जाणाऱ्या गेटवर उभा राहिलो आणि निघालेल्या पोरांना थांबवून विचारत गेलो, का चाललास? मला वाटलं होतं, हरतोय म्हणून सांगतील. तसं मोजक्यांनीच सांगितलं. "फार लांबतं" हे पुष्कळांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन तास. मध्येच मैदानात एक माणूस येऊन उभा राहतो, तो आहे तोवर टीव्हीवर जाहिराती चालू आणि दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून गप्प. घरी बसलेल्याला त्या वेळात फ्रिजपर्यंत जाऊन येता येतं, पायरीवर बसलेल्याने काय करायचं? घड्याळाचा नियम २०२३ पासून जरा बदलला, फर्स्ट डाउन मिळाल्यावर, म्हणजे संघ ठरलेले दहा यार्ड पुढं सरकल्यावर, ते आता थांबत नाही, प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून. जाहिराती आहेत तशाच आहेत.

पण सगळ्यात जास्त वेळा जे उत्तर आलं ते मी क्लिपबोर्डवर लिहिलंच नव्हतं, त्याला रकानाच नव्हता. "माझ्याबरोबरचे गेले." एक गेला की चार जातात. एका मुलाने तर उलट मलाच विचारलं, "मी थांबलो काय, गेलो काय, कुणाला कळणारे?"

मला आप्पांच्या पायरीची आठवण झाली. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, जागा वाटून देऊ. हा कोपरा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा, हा रग्बी क्लबचा, या तीन ओळी अमुक हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या. प्रत्येक गेमला तीच जागा. नाही आले तर रिकामी दिसू दे.

ते कुणाला फारसं रुचलं नाही. रिकामी दिसू दे म्हणजे काय, टीव्हीवर दिसेल ना! शिवाय त्या आठवड्यात ऑफिसात वेगळाच विषय पेटला होता: आपल्याला एक परंपरा हवी. आयोवा विद्यापीठात पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाच्या वरच्या मजल्याकडं वळून तिथल्या आजारी पोरांना हात करतं. विस्कॉन्सिनमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये एक गाणं लागतं आणि सगळे उड्या मारतात, १९९८ पासून. पेन स्टेटमध्ये पांढरे कपडे घालून लाखभर माणूस येतं. मग आपलं काय? मी बारीक आवाजात म्हटलं, की आयोवातलं ते हात करणं मार्केटिंगवाल्यांनी काढलेलं नाही, एका प्रेक्षकाने फेसबुकवर सुचवलं आणि २०१७ मध्ये लोकांनी उचललं. आणि पेन स्टेटनेही २००४ मध्ये आधी फक्त विद्यार्थ्यांचा भाग पांढरा केला, अख्खं स्टेडियम २००७ मध्ये. कुणी मनावर घेतलं नाही. ठरलं असं, की चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावून हलवायचे. पुरस्कर्ताही मिळाला.

गेम दुपारचा होता. ऑक्टोबरातलं लख्ख ऊन. निवेदकाने मोठ्या आवाजात सांगितलं, "दिवे लावा!" आणि लोक इकडंतिकडं बघायला लागले. मी इमानेइतबारे माझा लावला. माझ्या शेजारच्या बाईंनी मला हळूच सांगितलं, "बाळ, तुझा टॉर्च चालू राहिलाय."

त्यानंतर बॉसने मला दोन सेक्शन दिले. "तुझं ते कोल्हापूर करून बघ," म्हणाली. कोल्हापूरचा उच्चार तिला शेवटपर्यंत जमला नाही, 'कोलापर' म्हणायची.

मी हॉस्टेलं पालथी घातली. ईमेल कुणी वाचत नाही, म्हणून मजल्यामजल्यावर जाऊन दारं वाजवली, गणपतीची वर्गणी मागायला जातात तशी. रग्बीवाले लगेच तयार झाले. नर्सिंगच्या मुली म्हणाल्या, परीक्षा नसेल त्या आठवड्यात येऊ. एका हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या संघाचा चौथ्या नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, राहत होता. तो मैदानात कधी उतरलाच नाही. त्याचं काम कडेला उभं राहून पुढचा डाव हातवाऱ्यांनी सांगायचं. हेल्मेटमध्ये रेडिओ तोवर आलेला नव्हता, कॉलेजमध्ये तो २०२४ मध्ये आला. डोक्याला हात, गुडघ्याला हात, पाखरासारखे पंख. त्यातले निम्मे हातवारे खोटेच असतात, समोरच्यांना चकवायला. तर हा तिसरा मजला यायचा तो फक्त त्याच्यासाठी. तो कडेला जे करी ते ही तीस-पस्तीस पोरं वर एका सुरात करायची. संघ काय करतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण हाफटाइमनंतरही ती जागची हलायची नाहीत, कारण त्यांचा माणूस खाली उभा होता.

आणि आमची भारतीय मंडळी. एकोणतीस जण जमवले. त्यात आठ मराठी, त्यातही एक नाशिकच्या ढोलपथकातला. त्याने ढोल आणला होता, तो गेटवरच अडला. आवाज करायची कुठलीही वस्तू आत नेता येत नाही. रुसून तो पायरीवर बसला आणि पाय आपटायला लागला. आमचे बाक आणि पायऱ्या जुन्या, ॲल्युमिनियमच्या. एकाने पाय आपटला तर डबा वाजतो. एकोणतीस जणांनी एका ठेक्यात आपटले तर छातीत घुमतं. ते कळल्यावर कुणाला ढोलाची आठवण राहिली नाही.

फक्त आम्ही ते चुकीच्या वेळी करत होतो. आमच्या संघाच्या हातात चेंडू आला की आम्ही जिवाच्या आकांताने ओरडायचो, वानखेडेवर आपला फलंदाज स्ट्राइकवर आल्यासारखं. समोरच्या ओळीत एक आजोबा बसायचे, बुडाखाली उशी, डोक्यावर धुवून धुवून रंग गेलेली टोपी. ते हळूच मागं वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. मग एका टाइमआउटमध्ये त्यांनी शिकवणी घेतली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, प्रत्येक प्रयत्न म्हणजे डाउन. चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथ मारून देऊन टाकतात, म्हणजे खरा कस तिसऱ्याला. आपल्या पोरांच्या हातात चेंडू असेल तेव्हा गप्प बसायचं, त्यांना क्वार्टरबॅकचं ऐकू आलं पाहिजे. समोरच्यांच्या हातात असेल आणि थर्ड डाउन असेल, तेव्हा उठायचं. चेंडूवर वाकलेला खेळाडू तयार झाला की बँडला आणि स्पीकरला गप्प बसावं लागतं, नियम आहे. तेवढे काही क्षण फक्त तुमचे. "तेव्हा तुमच्या त्या पायांचं काय ते करा," म्हणाले.

नोव्हेंबर आला. 'मॅक'मध्ये नोव्हेंबरचे गेम मंगळवार-बुधवारी रात्री असतात, कारण त्या दिवशी टीव्हीवर दुसरं कॉलेज फुटबॉल नसतं आणि आम्हाला देशभर दिसायची तेवढीच संधी. लोक प्रेमाने त्याला 'मॅक्शन' म्हणतात. दूर घरी बसलेले म्हणतात. इथं मंगळवारी रात्री साडेसातला, शून्याच्या आसपास तापमानात, दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर असताना ॲल्युमिनियमच्या बाकावर बसायचं असतं. ॲल्युमिनियमचा थंडीतला गुण मी नव्याने सांगायला नको.

शेवटच्या होम गेमला पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. जुने तिकीटधारकही आले नव्हते. स्टेडियमच्या समोरच्या बाजूला माणसं मोजता येत होती. मी मात्र माझ्या दोन सेक्शनांकडं बघत होतो. रग्बीवाले आले, उघड्या अंगाने, त्यांचं डोकं वेगळंच. नर्सिंगच्या मुलींपैकी नऊजणी, पांघरुणं घेऊन. तिसरा मजला जवळजवळ पूर्ण. आमचे एकोणतीसचे सोळा झाले होते, पण नाशिककर होता. पावणेआठच्या सुमाराला एक मुलगी धापा टाकत आली आणि यायला उशीर का झाला ते शेजारच्यांना सांगू लागली. तिला कुणी विचारलं नव्हतं. मला त्या रात्री सगळ्यात बरं काय वाटलं असेल तर ते.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही सतराने मागं होतो. कॉफीच्या गाड्यावर सांगून मी गरम चॉकलेटचे कप फक्त आमच्या सेक्शनमध्ये आणि फक्त हाफटाइमनंतर वाटायला लावले होते, हा माझा एकमेव व्यावसायिक डाव. समोरच्यांचा थर्ड डाउन, आमच्या टोकाला. आजोबांनी न वळताच हात वर केला. कप खाली ठेवले गेले. बँड थांबला आणि शंभर-सव्वाशे जणांनी पाय आपटायला सुरुवात केली. रिकाम्या स्टेडियमचा एक फायदा असतो, आवाज शोषायला माणसं नसतात. तो समोरच्या रिकाम्या बाकांवर आपटून परत येत होता. त्यांच्या क्वार्टरबॅकने दोन्ही हात कानांवर नेऊन आपल्या पोरांना काहीतरी खुणावलं. पुन्हा वाकला. आणि त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू हलायच्या आधीच पुढं सरकला. पंचाचा पिवळा रुमाल पडला, म्हणजे दंड. फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागं. तिसऱ्या मजल्याने पंचाच्या हातवाऱ्यांची नक्कल केली.

त्याने निकाल काही बदलला नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये फरक सतराचा चोवीस झाला. बॉस खाली येऊन पाच मिनिटं आमच्या शेजारी उभी राहिली, पाय आपटून बघितले आणि वर हीटरपाशी गेली.

मग निवेदकाचा आवाज आला. आजची अधिकृत उपस्थिती, म्हणून त्याने आकडा वाचला, पाच अंकी. क्षणभर सगळे एकमेकांकडं बघत राहिले आणि मग आमच्या कोपऱ्यात जो हशा पिकला तो थांबेचना. नाशिककर माझ्याकडं बघून म्हणाला, "बाकीचे पार्किंगमध्ये असतील, भावा." आजोबा उशी सावरत पूर्ण मागं वळले, चष्मा पुसला आणि बोट दाखवत खरोखरच एकेकाला मोजायला लागले. रग्बीवाल्यांपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात स्क्रीनवर थर्ड डाउन लागला आणि मोजणी तशीच सोडून ते आमच्याआधी उठले.